गल्ल्यावर बसून थिऑसॉफी कशी करावी

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं आणि औषधं विकतो. आमच्या धंद्यात औषध म्हणजे जीव वाचवणारं नव्हे, किडे मारणारं. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे करुणा, एकत्व असले शब्द येणार आहेत आणि तुम्ही मनात म्हणाल, विष विकणाऱ्यानं हे आम्हाला सांगावं का? त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. गावात मला जिभाऊ म्हणतात. बत्तीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, त्यातली वीसेक थिऑसॉफीच्या नादात गेली. थिऑसॉफी म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे असं मानणारा विचार. 'नाद' हा शब्द घरचा.

पुस्तक उघडून सुरुवात केली की माणूस सात देह, विश्वाचे सात थर, मानवजातीचे सात मूळ वंश यांच्या जंगलात शिरतो आणि लवकर बाहेर येत नाही. मी तीन वर्षं त्यातच हिंडत होतो. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि माझं डोकं समुद्रात बुडालेल्या अटलांटिस खंडात. म्हणून इथं उलट्या बाजूनं सांगतो. आधी करायचं काय ते, वाचायचं काय ते शेवटी.

जुजबी माहिती मात्र हवी. 17 नोव्हेंबर 1875 ला न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी निघाली. हेलेना ब्लाव्हाट्स्की ही रशियन बाई, कर्नल ऑलकॉट हा अमेरिकन वकील आणि विल्यम जज हे त्यातले मुख्य. 1879 च्या फेब्रुवारीत बाई आणि कर्नल मुंबईत उतरले, त्याच वर्षी ऑक्टोबरात 'द थिऑसॉफिस्ट' मासिक सुरू केलं, आणि 1882 च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला बस्तान हलवलं. मुख्यालय आजही तिथंच आहे. सोसायटीचं ब्रीद 'सत्यान्नास्ति परो धर्मः'. सत्याहून मोठा धर्म नाही. हे ब्रीद काशीच्या महाराजांच्या घराण्याचं, तिथून घेतलेलं. उद्देश तीन. वंश, पंथ, लिंग, जात, वर्ण असा भेद न करता माणसामाणसातल्या बंधुत्वाचं केंद्र उभारणं हा पहिला. धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांचा तुलनेनं अभ्यास हा दुसरा. निसर्गाचे उलगडा न झालेले नियम आणि माणसात दडलेल्या शक्ती यांचा शोध हा तिसरा. सभासदाला अमुक देव किंवा अमुक गुरू मानावा लागत नाही. 1924 साली तर सोसायटीनं ठरावच केला की कुठलीही शिकवण, मग ती ब्लाव्हाट्स्कीबाईंची का असेना, सभासदावर बंधनकारक नाही.

नवे लोक थेट तिसऱ्या उद्देशावर उडी मारतात. दडलेल्या शक्ती! मीही मारली होती. माझा सल्ला असा, की तिसऱ्याला हात लावू नका, दुसरा सवडीनं करा, पहिल्यावर मात्र आजपासून काम सुरू करा. आणि ते कुठं करायचं, तर जिथं तुमचा पैसा येतो तिथं. देवघरात बंधुत्व फार सोपं असतं.

माझ्या दुकानात चार प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. कित्येक वर्षांनी एकदा माझ्या ध्यानात आलं, की वीस बिघेवाला आला की मी न बघता पायानं खुर्ची पुढे सरकवतो. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आला तर तो खताच्या गोणीला टेकतो. पाड्यावरून मजुरीला आलेला भिल्ल गडी तर पायरीवरच थांबतो, त्याला काय हवं ते तिथूनच सांगतो. मी कुणाला 'बसू नको' असं कधी म्हटलं नव्हतं. पण 'बस' असंही नाही. त्या दिवसापासून केलं एवढंच, की जो येईल त्याला तोंडानं 'बस' म्हणायचं, पायाला काम द्यायचं नाही. ऐकायला किती सोपं वाटतं. पहिल्या महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकानं सालदाराशेजारी बसण्यापेक्षा उभं राहणं पत्करलं, आणि ते पुढच्या हंगामात समोरच्या दुकानात गेलं. थिऑसॉफीचा खर्च असतो, तो हिशेबात धरून चाला.

तुमच्या जागी ही खुर्ची कुठली आहे ते शोधणं हा तुमचा पहिल्या आठवड्याचा अभ्यास. मास्तर असाल तर वर्गात कुणाचं नाव घेऊन हाक मारता आणि कुणाला 'ए, मागच्या बाकावरचा' म्हणता ते बघा. घर सांभाळत असाल तर धुणंभांड्याच्या बाईंचा कप कुठल्या फळीवर असतो ते बघा. लगेच काही बदलू नका. सात दिवस नुसतं बघा. बदलायची घाई केली की माणूस स्वतःवरच खूश होतो आणि बघणं थांबतं.

आता रात्रीची वही. या सगळ्यातलं माझं सर्वांत आवडतं काम. झोपण्यापूर्वी दिवस तपासायचा हा रिवाज फार जुना, ग्रीक पायथागोरसच्या पंथातला. त्यांच्याकडे तर दिवसातली कृत्यं तीनदा आठवल्याशिवाय डोळे मिटू नयेत असं सांगितलेलं. थिऑसॉफीवाल्यांनी तो उचलला. रुडॉल्फ स्टायनर हा सोसायटीच्या जर्मन विभागाचा प्रमुख होता, पुढे 1912-13 च्या सुमारास फुटून निघाला. तो सांगायचा, दिवस उलटा आठवा. रात्रीपासून सकाळकडे या. उलटं का, हे मला करून पाहिल्यावर कळलं. सकाळपासून आठवायला लागलं की मन वकिली करतं. तो असं बोलला, म्हणून मी तसं बोललो, म्हणून पुढे असं झालं. उलटं गेलं की आधी माझं वाक्य समोर येतं, सबब मागून येते. तोवर वाक्य पुरेसं उघडं पडलेलं असतं.

माझी पद्धत अशी. साडेआठला शटर ओढतो, जेवण, मग साडेनऊला ओट्यावर. शटर ओढण्यापासून मागे जातो. एकेक गिऱ्हाईक उलट्या क्रमानं. जिथं छातीत जरा टोचलं, तिथं थांबतो आणि वहीत लिहितो. 'मी स्वार्थी आहे', 'मला राग फार येतो' असलं लिहायचं नाही. ती वाक्यं दिसतात नम्र, पण हाताला काहीच लागत नाही. माणूस, वस्तू आणि वाक्य लिहायचं. माझ्या वहीतल्या काही नोंदी:

'तात्यांना चहा विचारला नाही. उधारी 14,300 थकली म्हणून. नवा माणूस बसला होता, त्याला विचारला.'

'पोऱ्यानं गोणी फाडली, त्याला सगळ्यांसमोर बोललो. एकट्यात बोललो असतो तर गोणी काय शिवली गेली असती? नसती. तरीपण.'

'समोरच्या दुकानात कृषी खात्याची तपासणी आली. आनंद झाला. दिवसभर टिकला.'

दिवसाला तीन नोंदी पुरे. दहा मिनिटांच्या वर बसू नका. जास्त बसलं की पश्चात्तापाची चटक लागते आणि तीही एक करमणूकच.

सकाळच्या बैठकीबद्दल लोक मला फार विचारतात, ध्यान-ध्यान करतात. मला त्यातलं फारसं जमत नाही, जेवढं जमतं तेवढं सांगतो. ब्लाव्हाट्स्कीबाईंनी 1887-88 च्या सुमारास लंडनला असताना एका शिष्याला ध्यानाचा आराखडा सांगितला होता. त्याची सुरुवात श्वासानं नाही, मंत्रानं नाही. आधी एकत्वाची कल्पना करायची, जागेत पसरत जाणारी आणि काळात न संपणारी. मग काही गोष्टी धरायच्या, काही सोडायच्या. सोडायच्या त्यात आपपर, मित्र-शत्रू, मालकी असं सगळं येतं. हे मी खाटेवरच करतो, गच्चीवर, उन्हाळ्यात पाच वाजता, कारण आमच्याकडे सहानंतर गच्चीवर बसणं म्हणजे खापरावर बसणं. आधी खाट, मग गल्ली, मग बोरीचं कोरडं पात्र, मग बोरी जिला मिळते ती तापी, पलीकडे सातपुडा. तापीला धरून खाली गेलं की प्रकाशा, सुरत, खंबातचं आखात. तिथं पोचेपर्यंत 'माझं दुकान' ही गोष्ट बरीच लहान झालेली असते. मग सोडण्याच्या यादीत मी रोज एकच वस्तू घेतो: समोरच्या दुकानाचा मालक. तो माझा कुणी नाही हे म्हणणं सोडायचं. सात मिनिटं. काही दिवशी साधतं, बहुतेक दिवशी त्याच्या डिस्काउंटचा विचार येतो.

थिऑसॉफी माणसाचे सात भाग सांगते: स्थूल देह, लिंग देह (म्हणजे सूक्ष्म देह), प्राण, काम, मनस्, बुद्धी, आत्मा. यादी पाठ करण्यात अर्थ नाही. पण त्यातला एक मुद्दा दुकानात रोज उपयोगी पडतो. मनस् दुहेरी असतं. त्याचं एक टोक कामाला, म्हणजे वासनेला, जोडलेलं आणि दुसरं बुद्धीकडे वळलेलं. एकच मन, एकच हुशारी, पण राबते कुणासाठी ते बघायचं. धूर्त माणसात हुशारी कमी असते असं नाही, ती पगारी असते.

उदाहरण देतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोंडं भरायला लागली की कपाशी लाल पडते. शेतकरी पळत येतो. "जिभाऊ, कपाशी लाल पडी गई. माले काहीतरी जालीम दे." आता लाल्या हा बहुतेक वेळा किडीचा प्रकार नसतो. मॅग्नेशियम, नत्र कमी पडलं, पाण्याचा ताण बसला, रात्री थंडी पडू लागली की पान लाल होतं. पण तुडतुड्यांनी रस शोषला तरी कडा लाल होतात. दोहोंत फरक करायचा तर पान आणायला सांगावं लागतं आणि उलटं करून बघावं लागतं, तुडतुडे खालच्या बाजूला असतात. त्याला दोन मिनिटं लागतात. आणि पान उलटवल्यावर बऱ्याचदा मॅग्नेशियम सल्फेटची स्वस्त पुडी द्यावी लागते, जालीम बाटलीच्या मार्जिनच्या पासंगालाही न पुरणारी. त्या क्षणी मन किती सुंदर कारणं देतं! 'त्याचं समाधान होईल.' 'मी नाही दिलं तर समोरचा देईलच.' 'बाटलीनं नुकसान तर होणार नाही.' ही कारणं देणारं मन मूर्ख नसतं, चांगलं शिकलेलं असतं. म्हणून सात भागांपैकी एवढंच धरा. तोंडातून वाक्य निघायच्या आधी विचारा, हे कुणाच्या पगारावर बोलतंय?

मी रोज पान उलटवतो असं समजू नका. खताच्या गाडीबरोबर लिंकिंग येतं, युरिया हवा तर न खपणारा मालही उचलावा लागतो, आणि तो पडून राहिला की माझ्या पोटात गोळा येतो. दोन हंगामांपूर्वी तो माल मी अशा लोकांच्या गळ्यात मारला ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं. नोंद वहीत आहे. अकरा नावं. त्यांतल्या सातांच्या खात्यावर पुढच्या खरिपात तेवढी रक्कम वळती केली. चार राहिली, कारण माझ्याही खिशाला हद्द आहे.

कर्माबद्दल आपल्याकडे एक घातक सवय आहे, ती थिऑसॉफीत आणू नका. गारपीट झाली, कुणाचा केळीचा बाग झोपला, की पारावरचा एखादा म्हणतो, "त्याचं कर्म." थिऑसॉफीही कर्म मानते, पुनर्जन्म मानते. पण तिथं कर्म म्हणजे शिक्षा नव्हे, बिघडलेला तोल सावरण्याचा नियम. आणि दुसऱ्याचं कर्म मोजणं हे तुमचं काम नाही. बाईंच्या 1889 च्या 'व्हॉइस ऑफ द सायलेन्स' या छोट्या पुस्तकाचं म्हणणं असं, की दया करायची वेळ असताना काहीच न करणं हेही मोठं पापच. पारावर 'कर्म' हा शब्द कानावर आला की मी एक साधा प्रश्न करतो: पंचनाम्याला तलाठ्याकडे त्याच्याबरोबर कोण जाणार आहे? बहुतेक चर्चा तिथंच थांबते.

एक गोष्ट मात्र जरा हळू सांगावी लागेल. या धंद्यात संध्याकाळी, हंगाम नसताना, एकटा माणूस येतो आणि लहान बाटली मागतो. पंपाचं नाव नाही, पिकाचं नाव नाही, भावाची घासाघीस नाही. शेतकरी भाव न करता औषध घेतो हेच विचित्र. पूर्वी मी अशा वेळी फक्त हात पुढे करायचो, कारण माझं लक्ष गल्ल्यातल्या नोटांवर असायचं. आता विचारतो, "कुठल्या पिकाला?" आणि उत्तर अडखळलं की बाटली खाली ठेवतो, शटर अर्धं ओढतो, त्याला बसवतो. घरी फोन करून सांगतो, दोन भाकऱ्या जास्त टाक. कळण्याची भाकरी, ठेचा, गप्पा. त्याच्या घरच्यांपैकी कुणी येईपर्यंत त्याला सोडत नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला डॉक्टरकडे नेतंय ना ते बघतो. असं माझ्याकडे दोनदा झालं. तुमचं दुकान असेल तर रोज सकाळी सात मिनिटं बसण्याचा उपयोग काय, असं मला विचारू नका.

चार-पाच लोकांनी मिळून अभ्यास केला तर वही टिकते, एकट्याची दिवाळीपर्यंत बंद पडते. आमचा गट गुरुवारी संध्याकाळी माझ्या गोदामात बसतो. बाजाराचा वार टाळा, आणि पेरणीच्या पंधरा दिवसांत कुणालाही बोलावू नका. सात लोक आहेत, त्यात गावची एक आशा सेविका, एक निवृत्त ड्रायव्हर, एक शिंपी. वाचन अर्ध्या पानाचंच. मग ज्यानं त्यानं आठवड्यातला एक प्रसंग सांगायचा, स्वतःचाच, शेजाऱ्याचा नाही. दृष्टांत झाला, तेजोवलय दिसलं, मागच्या जन्मी मी अमुक होतो, हे बोलायला बंदी. सुरुवातीला एक गृहस्थ यायचे, त्यांना सगळ्यांच्या डोक्याभोवतीचे रंग दिसायचे. माझा रंग कायम मातकट. ते यायचे बंद झाले तेव्हा अभ्यास सुरू झाला. चहा शेवटी, आणि कप ज्याचा त्यानं विसळायचा, ड्रायव्हरनं आणि मीही. गटात कोण कुणाच्या हातचं पाणी पितो हे न बोलता कळतं आणि न बोलता सुटतंही. आमच्या शिंप्याला ते सुटायला दीड वर्ष लागलं.

चळवळीची काळी बाजू झाकू नका, नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात सांगून टाका. ब्लाव्हाट्स्कीबाईंना 'महात्म्यां'कडून, म्हणजे दूर कुठंतरी राहणाऱ्या गूढ गुरूंकडून, पत्रं येतात असा दावा होता. 1885 साली लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चनं, म्हणजे असले चमत्कार तपासणाऱ्या संस्थेनं, त्यांना चक्क भोंदू ठरवलं. शंभरेक वर्षांनी, 1986 मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात त्या अहवालाच्या पद्धतीवर कडक टीका छापून आली. वाद मिटलेला नाही, आणि तो मिटेपर्यंत कुणाला 'बस' म्हणायचं थांबायची गरज नाही. मूळ वंशांची जी थिअरी आहे तिला एकोणिसाव्या शतकाचा कुबट वास येतो. ती पानं मी उलटतो आणि पुढे जातो. पुढे सोसायटीच्या अध्यक्ष झालेल्या ॲनी बेझंटबाईंनी शाळा-कॉलेजं काढली, 1916 ला होमरूल लीग उभारली, 1917 ला काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. केवढी बाई! पण त्यांनीच एका मुलाला भावी जगद्गुरू म्हणून वाढवलं. त्या मुलानं, कृष्णमूर्तींनी, 1929 साली हॉलंडमध्ये तीन हजार लोकांसमोर स्वतःसाठी काढलेली संघटना विसर्जित केली. गुरू शोधत फिरणाऱ्याला मी ही एकच हकीकत सांगतो.

वाचायचं काय? पहिलं, ब्लाव्हाट्स्कीबाईंचं 'की टु थिऑसॉफी', 1889 चं, प्रश्नोत्तराच्या रूपात आहे. लंडनला शिकत असताना गांधींनी ते वाचलं होतं आणि त्यामुळे आपल्याला हिंदू धर्माची पुस्तकं वाचावीशी वाटली असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. गीताही त्यांनी पहिल्यांदा तिथं दोन थिऑसॉफिस्टांच्याच संगतीत वाचली. दुसरं, 'ॲट द फीट ऑफ द मास्टर', 1910 चं, कृष्णमूर्तींच्या पोरवयात 'अल्सिओनी' या टोपणनावानं निघालेलं. चिमुकलं आहे. त्यात जगाचं सर्वांत जास्त नुकसान करणारी तीन पापं दिलीत, आणि चोरी, व्यसन ही त्यात नाहीत. चहाड्या, क्रूरता आणि अंधश्रद्धा. चहाड्या पहिल्या! कृषी केंद्राच्या बाकावर बसून हे वाचलं की हसू येतं आणि मग येईनासं होतं. 1888 चं 'सीक्रेट डॉक्ट्रिन' पाच वर्षं तरी उघडू नका. इंग्रजी जड जात असेल तर विनोबांची गीता प्रवचनं घ्या. ती थिऑसॉफी नव्हे, पण आपल्याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली कैद्यांसमोर झालेली आहेत आणि साने गुरुजींनी उतरून घेतलेली. दुसऱ्या उद्देशात बसतात. अमळनेरला आलात तर गिरणीमालक प्रतापशेठांनी 1916 साली काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर बघा. पूर्वी लांबून लांबून लोक तत्त्वज्ञान शिकायला इथं यायचे आणि आम्ही कपाशीचे भाव विचारायला त्याच्या समोरून जायचो.

वहीबद्दल एक राहिलं. साधी शंभर पानी घ्या, विकतची. कंपन्या दिवाळीला फुकट डायऱ्या देतात, माझ्याकडे ढीग पडलाय, पण त्या नकोत. पानापानावर खाली औषधाची जाहिरात असते. एकदा मी 'समोरच्याबद्दल खोटं बोललो' असं लिहिलं आणि त्याच्या खालीच छापलेलं होतं: 'पहिल्याच फवारणीत खात्रीशीर नियंत्रण.'